सोसणे म्हणजे लढणे नव्हे
मुहम्मद अलीच्या आयुष्यातून मुलांसाठी आणि पालकांसाठी एक धडा

संध्याकाळी विहाराच्या पटांगणात किंवा समाजमंदिराच्या हॉलमध्ये कराटे, तायक्वांदो, बॉक्सिंगचे वर्ग भरलेले आता अनेक वस्त्यांत दिसतात. मुलांच्या बरोबरीने मुलीही येतात. ही चांगली गोष्ट आहे. अंगात ताकद येते, भीती जाते, संध्याकाळचा वेळ नाक्यावर न जाता घामात जातो. शिवाय शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के राखीव जागा आहेत, पोलीस भरतीचे स्वप्न आहे. त्यामुळे गरिबाघरच्या मुलासाठी पदक म्हणजे नुसते पदक नसते, घराचा चेहरामोहरा बदलण्याची ती वाट असते.

या वर्गांबाहेर उभे असलेले पालक एक गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगतात : "आमचा पोरगा कितीही मार बसला तरी हूं की चूं करत नाही."

आरोग्याच्या या पानावर आज याच वाक्याबद्दल बोलायचे आहे. आपल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसले. सोसणे इतके अंगवळणी पडले की तोच आपल्याला गुण वाटू लागला. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मात्र आपल्याला सोसायला नव्हे, अन्याय नाकारायला शिकवले. सोसणे आणि लढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समाजात जसा हा फरक आहे तसाच तो मुष्टियुद्धाच्या रिंगमध्येही आहे. तो समजून घ्यायचा तर मुहम्मद अलीचे आयुष्य पाहावे.

चोरीला गेलेली सायकल

अलीचा जन्म १७ जानेवारी १९४२ रोजी अमेरिकेतील केंटकी राज्यात लुईव्हिल या शहरी झाला. आईवडिलांनी ठेवलेले नाव कॅशियस क्ले. वडील दुकानांच्या पाट्या रंगवत, आई गोऱ्यांच्या घरी कामाला जाई. काळ्यांच्या शाळा वेगळ्या, बसायच्या जागा वेगळ्या. आपल्या वाचकांना हे चित्र परके नाही.

१९५४ साली, तो बारा वर्षांचा असताना, त्याची नवी कोरी सायकल चोरीला गेली. रडत-चिडत तो तक्रार करायला गेला. ज्या पोलिसाकडे गेला तो जो मार्टिन हा गोरा माणूस तळघरात मुलांना बॉक्सिंग शिकवत असे. चोर सापडला तर त्याला बडवून काढीन, असे पोरगे म्हणाले. मार्टिनने त्याला सांगितले की बडवायच्या गोष्टी करण्याआधी लढायला तर शीक. तेथून सुरुवात झाली.

रागाला शिस्त लागली की त्याचे काय होते, हे या मुलाने दाखवले. पहाटे उठून धावणे, शाळा, संध्याकाळी तालीम असा क्रम वर्षानुवर्षे चालला. १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये अठरा वर्षांच्या क्लेने लाइट हेवीवेट गटात सुवर्णपदक जिंकले. तो गावी परतला तेव्हाही गावातल्या अनेक हॉटेलांत काळ्या माणसाला टेबलावर वाढले जात नव्हते. पदक मिळाले म्हणून माणूसपण मिळाले नाही. ही सल त्याच्या महत्त्वाकांक्षेच्या मुळाशी होती.

त्या काळातल्या त्याच्या लढतीची तऱ्हा लक्षात ठेवण्यासारखी आहे. हेवीवेट मुष्टियोद्धे एका जागी पाय रोवून घाव घालत. हा मात्र पायांवर नाचत राही, हात खाली ठेवी आणि ठोसा आला की डोके मागे घेई. समोरच्याचे ठोसे हवेत जात. मार खायचाच नाही, हीच त्याची विद्या होती.

नाव, धर्म आणि नकार

२५ फेब्रुवारी १९६४ रोजी मायामीत बावीस वर्षांचा क्ले जगज्जेत्या सॉनी लिस्टनसमोर उभा राहिला. लिस्टनच्या नावाने भल्याभल्यांना घाम फुटे. क्ले जिंकेल असे फारच थोड्यांना वाटत होते. आपल्यालाही भीती वाटत होती, हे त्याने पुढे कबूल केले. चौथ्या फेरीनंतर त्याच्या डोळ्यांत काहीतरी जाऊन आग होऊ लागली. दिसेना. हातमोजे कापून टाका, असे तो ओरडू लागला. प्रशिक्षक अँजेलो डंडीने त्याचे डोळे पाण्याने धुतले आणि त्याला पुन्हा रिंगमध्ये ढकलले. दिसत नव्हते तोवर तो लांब राहून, ठोसे चुकवत टिकला. सातव्या फेरीसाठी लिस्टन स्टुलावरून उठलाच नाही. क्ले जगज्जेता झाला.

दुसऱ्याच दिवशी त्याने आपले धर्मांतर जाहीर केले. जुने नाव गुलामगिरीचे म्हणून टाकले आणि तो मुहम्मद अली झाला. नाव टाकणे, धर्म बदलणे याचा अर्थ काय, हे १४ ऑक्टोबर १९५६ नंतर जन्मलेल्या आपल्या कुठल्याही घरात समजावून सांगावे लागत नाही. त्याची वाट वेगळी, आपली धम्माची वाट वेगळी. पण तुम्ही दिलेल्या नावाने आणि तुम्ही ठरवलेल्या जागी मी जगणार नाही, हा निर्धार सारखाच आहे. वर्षानुवर्षे अनेक वर्तमानपत्रे त्याला जुन्याच नावाने छापत राहिली, तरी तो हटला नाही.

२८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टन येथे त्याने व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिला. त्याचे जगज्जेतेपद काढून घेतले गेले, परवाना रद्द झाला. न्यायालयाने पाच वर्षे कैद आणि दहा हजार डॉलर दंड सुनावला. अपील चालू असल्याने तो तुरुंगाबाहेर राहिला, पण साडेतीन वर्षे त्याला लढता आले नाही. पंचविशी ते अठ्ठाविशी ही मुष्टियोद्ध्याची ऐन उमेदीची वर्षे होती. या काळात तो महाविद्यालयांतून भाषणे देत फिरला. अखेर २८ जून १९७१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा एकमताने रद्द केली.

हे अलीचे खरे लढणे. जे अपमानाचे होते ते त्याने सोसले नाही, नाकारले. त्याची किंमत डोळे उघडे ठेवून मोजली.

दोरावर टेकलेला अली

पुढची गोष्ट तितक्याच प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. १९७० च्या ऑक्टोबरमध्ये अली रिंगमध्ये परतला तेव्हा पाय पूर्वीसारखे चालत नव्हते. ठोसे चुकेनात. तेव्हा त्याला स्वतःविषयी एक नवी गोष्ट कळली : आपण मार खाऊनही उभे राहू शकतो. त्याचे डॉक्टर फर्डी पचेको यांच्या मते हीच गोष्ट त्याच्या भल्याची ठरली आणि हीच त्याच्या मुळावर आली.

१९७३ मध्ये केन नॉर्टनने त्याचा जबडा मोडला. मोडक्या जबड्याने तो लढत राहिला आणि शेवटी गुणांवर हरला. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी आफ्रिकेत, झाईरची राजधानी किन्शासा येथे, बत्तीस वर्षांच्या अलीसमोर पंचवीस वर्षांचा जॉर्ज फोरमन होता. तो तोवर एकही लढत हरलेला नव्हता. अली दोरांवर टेकून उभा राहिला आणि फोरमनला मारू दिले. काही ठोसे हातांवर झेलले, काही बरगड्यांत, काही डोक्यावर बसले. मारून मारून फोरमन थकला आणि आठव्या फेरीत अलीने त्याला खाली पाडले. सारे जग या डावपेचावर खूश झाले. आजही होते.

पण शरीर हिशेब ठेवते. अंगाला मार सोसायची सवय व्हावी म्हणून तो सरावातही जोडीदारांना आपल्याला मारू देई. म्हणजे लोकांनी पाहिलेल्या लढतींपेक्षा किती तरी जास्त ठोसे कोणी पाहात नसताना त्याच्या डोक्यावर बसत होते.

थांब म्हणणारा माणूस

१ ऑक्टोबर १९७५. फिलिपाइन्समध्ये मनिलाजवळ अली आणि जो फ्रेझर यांची तिसरी लढत. फ्रेझर दक्षिण कॅरोलायनातील शेतमजुराच्या घरचा, डझनभर भावंडांतला. असह्य उकाड्यात दोघांनी चौदा फेऱ्या एकमेकांना ठोकले. फ्रेझरचे डोळे सुजून मिटत आले होते, येणारा ठोसा दिसत नव्हता. एकच फेरी उरली होती. फ्रेझर म्हणाला, मी जाणार. त्याचा प्रशिक्षक एडी फच याने त्याला स्टुलावर बसवून ठेवले आणि लढत सोडून दिली. रिंगमध्ये मार खाऊन जीव गमावलेले मुष्टियोद्धे फचने पाहिलेले होते. जगज्जेतेपदापेक्षा त्याला फ्रेझरचे घर, त्याची मुले मोठी वाटली.

अलीला ऐन वेळी असा माणूस मिळाला नाही, किंवा मिळाला तेव्हा त्याने ऐकले नाही. सप्टेंबर १९७७ मध्ये अर्नी शेव्हर्सच्या जबर ठोशांनंतर डॉ. पचेको यांच्या हाती अलीच्या मूत्रपिंडांचे बिघडलेले अहवाल आले. आता थांबा, असे त्यांनी अलीला आणि त्याच्या जवळच्या माणसांना लिहून कळवले. उत्तर आले नाही. डॉक्टर काम सोडून गेले. अली लढत राहिला.

२ ऑक्टोबर १९८० रोजी अडतीस वर्षांचा अली लॅरी होम्ससमोर उभा राहिला. वजन उतरवण्याच्या नादात त्याने थायरॉइडचे औषध घेतले होते. बाहेरून देह सडपातळ दिसत होता, आत ताकद उरली नव्हती. होम्स एके काळी त्याचाच सरावातला जोडीदार होता. त्याच्याकडून अलीने दहा फेऱ्या मार खाल्ला, उलटून जवळजवळ मारलेच नाही. शेवटी डंडीने लढत थांबवली. १९६४ साली ज्याने अलीला पुढे ढकलले होते, त्याच हाताने आता त्याला मागे ओढले. दोन्ही वेळा डंडी बरोबरच होता, पण दुसऱ्या वेळी फार उशीर झाला होता. इतके होऊनही डिसेंबर १९८१ मध्ये अली आणखी एक लढत खेळला आणि हरला. एकूण ६१ लढती, ५६ विजय, ५ पराभव.

१९८४ साली डॉक्टरांनी त्याला पार्किन्सनची लक्षणे असल्याचे सांगितले. तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता.

मेंदूला काय होते

कवटीच्या आत मेंदू पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. जबड्यावर आडवा ठोसा बसला की डोके गर्रकन फिरते. कवटी थांबते, पण आतला मेंदू हिंदकळतो आणि त्याचे नाजूक तंतू ताणले जातात. यासाठी बेशुद्धच पडावे लागते असे नाही. हलके वाटणारे शेकडो ठोसेही वर्षांनुवर्षे साठत जातात. मुष्टियोद्ध्यांचे बोलणे जड होणे, चाल लटपटणे, स्मरण जाणे याचे वर्णन हॅरिसन मार्टलँड या अमेरिकन डॉक्टरांनी १९२८ सालीच वैद्यकीय नियतकालिकात केले होते.

पार्किन्सनमध्ये मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. स्वस्थ बसले असताना हात थरथरतो, हालचाली मंद होतात, अंग ताठरते, अक्षर बारीक होते, आवाज खाली जातो, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात. अलीचा आजार ठोशांमुळेच झाला का, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. मुष्टियुद्ध न खेळलेल्यांनाही हा आजार होतो. मात्र वारंवार डोक्याला मार बसल्याने धोका वाढतो. अमेरिकेतील संशोधकांनी २०१७ साली अलीची जुनी ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा वयाच्या २६ ते ३९ या काळात त्याच्या बोलण्याचा वेग २६ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. म्हणजे आजाराचे नाव कळण्याच्या आधीच शरीर सांगत होते.

घरातल्या वडीलधाऱ्या माणसात ही लक्षणे दिसली तर मेंदूरोगतज्ज्ञाला दाखवावे. आजार मुळासकट बरा होत नाही, पण औषधांनी आणि नियमित व्यायामाने पुष्कळ वर्षे चांगली जगता येतात. हा गेल्या जन्मीच्या पापाचा भोग नाही, करणी नाही, संसर्गही नाही. अंगारेधुपाऱ्यांत वेळ घालवू नये.

आजारानंतर अली घरात लपून बसला नाही. १९९० साली तो बगदादला गेला आणि तेथे अडकलेल्या पंधरा अमेरिकन ओलिसांना सोडवून घेऊन आला. १९ जुलै १९९६ रोजी अटलांटा ऑलिंपिकची ज्योत त्याने थरथरत्या हातांनी पेटवली. कंप पावणारा हात त्याने जगापासून झाकला नाही. ३ जून २०१६ रोजी चौऱ्याहत्तराव्या वर्षी तो गेला.

वीणेची तार

तथागतांच्या संघात सोण नावाचा भिक्खू होता. श्रीमंत घरात लाडाकोडात वाढलेला. साधनेत कमी पडू नये म्हणून तो इतका चालला, इतका चालला की तळपाय फुटून रक्त आले. तरी फळ दिसेना, म्हणून घरी परत जावे असे त्याच्या मनात आले. तथागतांनी त्याला तो पूर्वी वाजवत असलेल्या वीणेची आठवण करून दिली. तार फार ताणली तर सूर लागत नाही, सैल सोडली तरी लागत नाही. तार योग्य ताणावर असावी लागते. सोणने प्रयत्न सोडले नाहीत, त्यांचे माप बदलले आणि त्याला ध्येय गाठता आले.

आर्य अष्टांगिक मार्गात सम्यक व्यायाम आहे. तेथे व्यायाम म्हणजे प्रयत्न. केवळ प्रयत्न नव्हे, सम्यक प्रयत्न. आळसाने पडून राहणे सम्यक नाही, आणि शरीर मोडेपर्यंत स्वतःला पिळणेही सम्यक नाही.

आपल्या चळवळीतही तार तुटेपर्यंत ताणणारी माणसे कमी नाहीत. बाबासाहेबांनी मधुमेह आणि पायांचे दुखणे अंगावर घेऊन अखेरपर्यंत रात्र-रात्र लिहिले. त्यांच्यापुढे काम डोंगराएवढे होते आणि हाताशी वेळ थोडा. त्यांच्या त्यागापुढे आपण नतमस्तक आहोत. पण साखर न तपासण्याला, औषध बुडवण्याला, दुखापत लपवण्याला त्यांचे उदाहरण देणे हा त्यांचा मान नव्हे.

आपल्या वर्गासाठी

मुलामुलींना या खेळांपासून तोडू नका. शिस्त, श्वासावर ताबा, हरल्यावर पुन्हा उभे राहणे हे सारे या खेळात मिळते. लढतीआधी छाती धडधडत असेल तर पाच मिनिटे आनापान, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष देणे, उपयोगी पडते. भीती वाटणे हा दोष नाही. लिस्टनसमोर अलीलाही ती वाटली होती. मात्र पुढील गोष्टी पालकांनी आणि प्रशिक्षकांनी पाळाव्यात.

लहान मुलांना आधी पायांची हालचाल, बचाव आणि पॅडवरचा सराव शिकवावा. डोक्यावर मारण्याचा सराव टाळावा. मोठ्यांच्या सरावातही डोक्यावरचे जोरदार ठोसे मोजकेच असावेत.

हेल्मेटने जखम आणि खोक टळते, पण मेंदूचे हिंदकळणे थांबत नाही. हेल्मेट आहे म्हणून बिनधास्त मारू देऊ नये.

डोक्याला मार बसल्यावर डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे, गोंधळणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, मार कसा बसला ते न आठवणे यातले एकही लक्षण दिसले तर त्या दिवशी खेळ बंद. शंका असली तरी बंद. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मोबाइल कमी, मग हळूहळू हालचाल, आणि डॉक्टरांनी सांगितल्यावरच पुन्हा रिंग. मुलांना बरे व्हायला मोठ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. पहिला मार बरा होण्याआधी दुसरा बसला तर तो जिवावर बेतू शकतो.

पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, जागे न होणारी झोप, बोबडे बोलणे, हातपाय लुळा पडणे, दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, कानानाकातून रक्त किंवा पाणी येणे, यापैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. मनाने वेदनाशामक गोळी देऊ नये.

वजनगटात बसण्यासाठी उपाशी राहणे, पाणी तोडणे, लघवी जास्त होण्याच्या किंवा थायरॉइडच्या गोळ्या घेणे बंद करावे. वाढत्या वयाच्या मुलाला त्याच्या नैसर्गिक वजनाच्या गटातच खेळवावे.

आणि शेवटची गोष्ट. गरिबाघरचे मूल सर्वांत शेवटी थांबते, कारण त्याच्या पाठीवर घरच्यांच्या आशा असतात. डोके दुखते असे सांगितले तर संघातून काढतील, बाबा नाराज होतील, भरती हुकेल, या धाकाने ते गप्प बसते. म्हणून ते ओझे आपणच उतरवायला हवे. प्रत्येक मुलामागे एक एडी फच असावा. तो वर्गातला प्रशिक्षक असेल, घरातली आई असेल, विहारातला एखादा जाणता माणूस असेल. आज संध्याकाळी मूल वर्गाहून परत आले की किती मारलेस असे विचारू नका. किती ठोसे चुकवलेस, आणि डोक्याला काही लागले का, एवढे विचारा. लागले असे ते म्हणाले तर शाबासकी द्या. खरे सांगायलाही धैर्य लागते.

जयभीम!